रिबूट : सुपरहिरोंचा आणि आपला

(एक माजी हॉस्टेलर, सध्या स्टाफरूमच्या बाजूने)

गेल्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या संध्याकाळची गोष्ट. हॉस्टेलच्या व्हरांड्यात एक विद्यार्थी भेटला. चेहरा पडलेला, पण आवाजात उसना जोर. इयर डाऊन झालं होतं. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "सर, टेन्शन नाही. आता फुल रिबूट! नवीन रूम, नवीन वह्या, नवीन सिम. जुनं सगळं डिलीट."

मी "बरं" म्हटलं आणि पुढे निघालो. जिन्यावर पोचेपर्यंत लक्षात आलं, की हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. २००६ साली याच अमरावतीत, अशाच एका हॉस्टेलच्या व्हरांड्यात मी ते बोललो होतो. तेव्हा सिमऐवजी "नवीन टेबललॅम्प" म्हणालो होतो, एवढाच फरक.

रिबूट हा शब्द आपण सिनेमावरून उचलला आणि सिनेमाने तो कॉम्प्युटरवरून. हल्ली दर दोन-चार वर्षांनी कुठला तरी सुपरहिरो "पहिल्यापासून" सुरू होतो. कधी जोरात चालतो, कधी तोंडावर आपटतो. असं का होतं याचा जरा शिस्तीत अभ्यास करावा, असं बरेच दिवस मनात होतं. त्या मुलामुळे मुहूर्त लागला. म्हणून हा लेख. सिलॅबसमध्ये नाही, त्यामुळे वाचायला हरकत नसावी!

१) शब्द आला कुठून?

फर्स्ट इयरच्या मुलांसाठी थोडी उजळणी. कॉम्प्युटर सुरू करणं म्हणजे बूट करणं. हा "बूट" आला "बूटस्ट्रॅप" या शब्दावरून. बुटाच्या मागे जो पट्टा असतो तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी ती मूळ गमतीची कल्पना. कॉम्प्युटरची अडचण तशीच असते. प्रोग्राम चालवायला आधी ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत हवी. पण ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणायची तर त्यासाठीही एखादा प्रोग्राम हवा! म्हणून वीज गेली तरी पुसला जाणार नाही असा एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. पॉवर आली की तो जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो आणि मग बाकीच्यांना बोलावतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. पहिली, रिबूट केल्यावर सगळंच पुसलं जात नाही. रॅममधलं जातं, रॉममधलं राहतं. ते राहिलं नाही तर मशीन उठणारच नाही. दुसरी, मशीन हँग झालं की रिस्टार्ट केल्यावर बरेचदा सुरळीत चालतं हे खरं; पण चूक प्रोग्राममध्येच असेल, तर तो पुन्हा त्याच जागी येऊन पुन्हा हँग होतो. लॅबमध्ये दर पाच मिनिटांनी रिस्टार्ट मारणारा गडी तुम्ही पाहिला असेल. मी तर होतोच तो.

२) चार शब्दांची गल्लत

मेसमध्ये वाद घालताना आपण सिक्वेल, प्रिक्वेल, रिमेक आणि रिबूट हे शब्द वाटेल तसे वापरतो. ओरलमध्ये विचारलं तर सांगता यावं, म्हणून व्याख्या :

सिक्वेल : कथा पुढे सरकते. "कोई मिल गया" (२००३) मधल्या रोहितचा मुलगा "क्रिश" (२००६) मध्ये मुखवटा घालतो. आधीचं सगळं घडलेलं आहे, त्याला धक्का नाही.

प्रिक्वेल : कथा मागे जाते. "एक्स-मेन : फर्स्ट क्लास" (२०११) मध्ये १९६२ सालात जाऊन त्या मंडळींची तरुणपणची गोष्ट सांगितली आहे. (नाव वाचून चित्रपट निकालावर आहे असा आमच्या एका मित्राचा समज झाला होता.)

रिमेक : तीच एक कथा नव्या नटांना घेऊन पुन्हा. १९७८ च्या "डॉन"वरून २००६ चा "डॉन" आला. शेवट मात्र बदलला, आणि त्या बदलाच्या जोरावर २०११ मध्ये "डॉन २" काढता आला.

रिबूट : एका कथेची नाही, अख्ख्या मालिकेची पाटी पुसायची. आधीच्या भागांत जे घडलं ते या नव्या जगात घडलेलंच नाही. पात्र तेच, पण त्याचा इतिहास शून्यापासून.

रिबूट करायला धीर लागतो. २००६ च्या "सुपरमॅन रिटर्न्स"ला तो पुरता झाला नाही. दिग्दर्शकाने ख्रिस्तोफर रीव्हच्या जुन्या चित्रपटांतले पहिले दोन मानले, नंतरचे सोडून दिले आणि नवा नट घेऊन तीच वाट पुढे नेली. ना धड सिक्वेल, ना धड रिबूट. ती मालिका तिथेच थांबली आणि २०१३ मध्ये "मॅन ऑफ स्टील"ने खरोखर पहिल्यापासून सुरुवात केली.

३) ही कल्पना जुनीच

रिबूट हे हॉलिवूडचं नवं खूळ आहे असं मानू नका. कॉमिक्सवाल्यांना ही युक्ती कधीचीच माहीत होती. १९५६ साली "फ्लॅश" हा बंद पडलेला हिरो पुन्हा काढताना त्यांनी नाव आणि वेग तेवढा ठेवला. माणूस, पोशाख, गोष्ट सगळं बदललं.

पण मला सगळ्यात आवडतो तो आपला वेताळ. ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला फँटम इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत "वेताळ" होऊन आला. अकोल्याला माझ्या काकांकडे एका ट्रंकेत त्याचे अंक होते. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर ४५ डिग्री असताना आम्ही ते पालथे पडून वाचायचो. जंगलातल्या लोकांना वाटतं वेताळ अमर आहे, शेकडो वर्षं जिवंत आहे. खरं म्हणजे बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. पण मुखवटा चढवण्याआधी प्रत्येकाला कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची तीच शपथ घ्यावी लागते. माणूस बदलला, शपथ तीच. वेताळाचं रॉम म्हणजे ती शपथ. मुखवटा दर्जी शिवून देईल, शपथ कोण देणार?

४) रिबूट करतात कशासाठी?

कारणं मुख्यतः तीन.

पहिलं कारण, मालिका आपटते. आधीचा भाग इतका फसतो, की पुढे सांगायला तोंड राहत नाही.

दुसरं कारण, पैसा आणि करार. हे प्रेक्षकाला दिसत नाही. स्पायडरमॅनचे कॉमिक्स मार्व्हलचे, पण चित्रपट काढण्याचे हक्क सोनी कंपनीकडे. ठरावीक मुदतीत नवा चित्रपट काढला नाही तर हक्क मूळ मालकाकडे परत जातात. म्हणजे विषयाची गरज असो-नसो, सबमिशनची तारीख आली की जर्नल द्यावंच लागतं! याचं टोक पाहायचं तर "फँटास्टिक फोर". १९९४ साली या चौकडीवर अगदी कमी खर्चात एक चित्रपट तयार झाला तो हक्क टिकवण्यासाठी, आणि तो अधिकृतपणे कधी प्रदर्शितच झाला नाही. त्यानंतर २००५, २०१५ आणि २०२५ अशी तीनदा तीच चौकडी पहिल्यापासून सुरू झाली.

तिसरं कारण, प्रेक्षकांची पिढी बदलते. २००२ चा "स्पायडरमॅन" मी दहावीत असताना अकोल्याच्या टॉकीजमध्ये हिंदीत पाहिला. २००७ चा तिसरा भाग तर आपल्या देशात भोजपुरीतही निघाला होता. आज फर्स्ट इयरला बसलेल्या मुलाला तो पहिला स्पायडरमॅन म्हणजे काकाच्या लग्नाच्या अल्बमसारखा वाटतो.

तीनही कारणं खरी आहेत, पण पहिल्या कारणाशी जो प्रामाणिक राहिला त्याचा रिबूट चालला असं मला दिसतं. दोन उदाहरणं सविस्तर घेऊ.

५) केस स्टडी एक : बॅटमॅन

१९८९ मध्ये टिम बर्टनचा "बॅटमॅन" आला. काळोखा, थोडा विचित्र, पण लोकांना आवडला. १९९२ ला दुसरा आला. १९९५ ला तिसरा आला तेव्हा दिग्दर्शक बदलला आणि काळोख्या शहरात रंगीत दिवे लागले. १९९७ चा चौथा, "बॅटमॅन अँड रॉबिन", म्हणजे गॅदरिंगचं स्टेज. जॉर्ज क्लूनी बॅटमॅन, अरनॉल्ड श्वार्झनेगर बर्फवाला खलनायक, आणि दर दोन मिनिटांनी थंडीवर कोटी. खेळणी विकण्यासाठी चित्रपट काढलाय की काय असं वाटावं इतकी वाहनं आणि सूट. समीक्षकांनी धुतला, पुढचा ठरलेला भाग रद्द झाला, आणि आठ वर्षं बॅटमॅन पडद्यावर फिरकला नाही.

२००५ मध्ये ख्रिस्तोफर नोलानने "बॅटमॅन बिगिन्स" काढला. त्याने नेमकं काय केलं ते पाहा. नवा नट (ख्रिश्चन बेल), नवी गाडी, नवा सूट, हे तर कोणीही केलं असतं. त्याने आधी प्रश्न विचारला, की एक श्रीमंत माणूस रात्री वटवाघळासारखा पोशाख करून का फिरेल? चौथ्या भागात या प्रश्नाचं उत्तरच हरवलं होतं. नोलानने उत्तर शोधलं ते भीतीत. लहानपणी विहिरीत पडलेला मुलगा, अंगावर आलेली वटवाघळं, त्याच भीतीमुळे नाटक अर्धवट सोडून आईवडिलांसह बाहेर येणं, आणि बाहेर गल्लीत त्यांचा खून. ज्याची आपल्याला भीती वाटते तेच पांघरायचं आणि गुन्हेगारांना घाबरवायचं. आता सूटला कारण मिळालं.

सव्वादोन तासांहून मोठ्या या चित्रपटात पहिला जवळजवळ एक तास बॅटमॅनचा सूट दिसतच नाही. पोस्टरवर बॅटमॅन आणि पडद्यावर दाढी वाढलेला एक कैदी! पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने ही केवढी जोखीम. पण त्या एका तासामुळे पुढचं सगळं पटतं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे यंत्रं. आधीच्या चित्रपटांत वस्तू पट्ट्यातून जादूसारख्या निघायच्या. इथे प्रत्येक वस्तूची जन्मकथा आहे. सूट म्हणजे सैनिकांसाठी बनवलेलं आणि महाग पडलं म्हणून नाकारलेलं चिलखत. गाडी म्हणजे लष्करी पूल टाकण्यासाठी केलेलं डिझाईन. कंपनीच्या तळघरात धूळ खात पडलेले हे प्रोटोटाईप मॉर्गन फ्रीमनने रंगवलेला अभियंता एक-एक काढून दाखवतो. चित्रीकरणासाठी ती गाडी खरीखुरी बांधली आणि रस्त्यावर पळवली. अर्थात शेवटी मायक्रोवेव्ह यंत्राने जमिनीखालचं पाणी उकळतं आणि शेजारी उभ्या माणसाला काही होत नाही, तेव्हा आमच्या विंगमधल्या मेकॅनिकलच्या पोरांनी चप्पल उचलली होती. पण तोवर चित्रपटाने मन जिंकलेलं होतं.

काय पुसलं? रंगीत दिवे, कोट्या, रॉबिन. काय ठेवलं? आईवडिलांचा खून, गुहा, आल्फ्रेड, गॉर्डन, आणि कोणाला ठार मारायचं नाही हा नियम. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून चित्रपटाने जगभरात सुमारे ३७ कोटी मिळवले. फार मोठा आकडा नव्हे. पण पाया पक्का झाल्यामुळे २००८ चा "द डार्क नाइट" १०० कोटींवर गेला आणि त्यातल्या जोकरसाठी हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. रिबूटचं फळ बरेचदा दुसऱ्या सेमिस्टरला मिळतं ते असं.

६) केस स्टडी दोन : स्पायडरमॅन

सॅम रेमीचे तीन चित्रपट आले : २००२, २००४, २००७. चौथ्याची तयारी चालू असताना २०१० च्या जानेवारीत तो रद्द झाला आणि सोनीने रिबूट जाहीर केला. २०१२ ला "द अमेझिंग स्पायडरमॅन" आला. मधे अंतर फक्त पाच वर्षांचं.

अँड्र्यू गारफिल्ड चांगला नट. एक सुधारणाही झाली, निदान आपल्या दृष्टीने. आधी कोळ्याचं जाळं मनगटातूनच निघायचं; इथे पीटर ते यंत्र स्वतः बनवतो, जसं मूळ कॉमिक्समध्ये होतं. पण बाकी काय? पुन्हा कोळी चावला, पुन्हा भिंतीवर चढणं, पुन्हा काका गेले. प्रेक्षक मनात म्हणतो, "अरे, हे झालंय ना पाच वर्षांपूर्वी!" तो पेपर आम्ही आधीच सोडवलेला. दोन भागांनंतर ही मालिकाही थांबली.

२०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलचा समझोता झाला आणि २०१७ ला "होमकमिंग" आला, टॉम हॉलंडचा. या वेळी त्यांनी मागच्या अपयशाकडे नीट पाहिलेलं दिसतं. कोळी चावताना दाखवलाच नाही. काकांचा मृत्यू दाखवलाच नाही. लोकांना जे माहीत आहे ते पुन्हा शिकवायचं नाही, असं ठरवलं. मग नवीन काय? पीटर खरोखर पंधरा वर्षांचा, शाळकरी. मोठ्यांनी आपल्याला सीरियसली घ्यावं म्हणून धडपडणारा आणि त्या घाईत चुका करणारा. ही बाजू आधीच्या दोघांत मागे पडली होती.

याच मालिकेच्या तिसऱ्या भागाचा, "नो वे होम"चा (२०२१), शेवट मला फार आवडतो. सगळं जग पीटरला विसरून गेलेलं आहे. मित्र ओळखत नाहीत, काकू गेलेली. तो एका भाड्याच्या छोट्या खोलीत येतो. हातात खोकी, सामानात परीक्षेचं पुस्तक, आणि सूट स्वतः शिवलेला. हॉस्टेलमध्ये पहिल्या रात्री गादी पसरून बसलेल्या कुठल्याही पोराला ती खोली ओळखू येईल. जगाच्या आठवणीतून तो पुसला गेलाय, पण त्याला स्वतःला सगळं आठवतंय. म्हणूनच तो पुन्हा उडी मारतो.

२०२५ चा "सुपरमॅन" हाच धडा गिरवतो. बाळ पृथ्वीवर आलं, हे सगळं दोन-चार ओळींच्या मजकुरात उरकलं, आणि पहिल्याच दृश्यात हिरो मार खाऊन बर्फात कोसळतो. जन्मकथा सगळ्यांना पाठ आहे. तो हरतो तेव्हा कसा वागतो ते बघायला लोक येतात.

७) आपल्या मराठीत?

सुपरहिरो म्हटलं की मराठीत हात आखडतो. २०१५ चा "बाजी" हा मुखवटाधारी नायकाचा प्रयत्न श्रेयस तळपदेने केला, पण त्याची मालिका झाली नाही. मात्र रिबूटचं एक अस्सल मराठी उदाहरण आहे. त्या हिरोला उडता येत नाही, अंगात ताकद बेताची, आणि तोंडाने आवाज काढतो "ट्टॉक्!"

भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश. सुमारे २० पुस्तकं. किडकिडीत पोरगा, सायकल, आणि जाईल तिथे संकट हजर. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, त्यात सुमीत राघवन फेणे झाला होता. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारने चित्रपट काढला, नायक अमेय वाघ.

शाळकरी फेणे जसाच्या तसा आणला असता तर आमच्यासारखे जुने वाचक डोळे पुसत गेले असते आणि तुमच्या पिढीने मोबाईल काढला असता. त्यांनी फेणेला मोठा केला. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येऊन भाड्याने राहणारा मुलगा. आणि गोष्ट गुंफली ती त्या परीक्षेतल्याच घोटाळ्याभोवती. प्रवेश परीक्षा म्हणजे आजच्या पोरांच्या घरातलं खरं संकट; दरोडेखोर आणि भुयारं आता कोणाला भेटतात? शिवाय तो ज्यांच्याकडे राहतो ते म्हातारे गृहस्थ कोण, तर साक्षात भा. रा. भागवत! दिलीप प्रभावळकरांनी ते काम केलं. म्हणजे मूळ लेखकालाच नव्या कथेत खोली देऊन टाकली. पुसलं काय? शाळा, वय, काळ. ठेवलं काय? कुतूहल, दुसऱ्याच्या संकटात स्वतःहून पडण्याची खोड, आणि तो "ट्टॉक्". याला म्हणतात रॉम ओळखणं.

याउलट शक्तिमान बघा. १९९७ ते २००५ दूरदर्शनवर चाललेली ती मालिका आमच्या पिढीचं बालपण. २०२२ मध्ये तिच्यावर मोठा चित्रपट काढण्याची घोषणा झाली. तेव्हापासून चर्चा एकच : शक्तिमान कोण होणार? सूट कोणाच्या अंगावर चढणार? आजच्या पोराला शक्तिमानने सांगावं तरी काय, यावर वाद घालताना मला अजून कोणी भेटलं नाही.

८) आणि आता माझी गोष्ट

२००६ च्या उन्हाळ्यात माझं इयर डाऊन झालं. फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स राहिलं होतं, आणि ते निघाल्याशिवाय थर्ड इयरला प्रवेश नव्हता. त्या वर्षी टॉकीजमध्ये "क्रिश", "डॉन", "सुपरमॅन रिटर्न्स", नवा जेम्स बाँड, सगळे नव्याने सुरू होत होते आणि मी घरी बसलो होतो. आमच्या अमरावतीत टॉकीजच्या नावाने चौक आहेत, चित्रा चौक, सरोज चौक, प्रभात चौक. त्या वर्षी मला तिन्ही चौक चुकवून जावं लागायचं, कारण तिथे हमखास वर्गमित्र भेटायचे आणि विचारायचे, "काय रे, आजकाल दिसत नाही?"

अकोल्याहून एस.टी.ने यायचो आणि दर्यापूरच्या जुन्या रूममेटच्या खोलीत पॅरासाईट म्हणून राहायचो. रेक्टर सरांची चाहूल लागली की कॉटखाली. (सर, इतक्या वर्षांनी माफ करा.) त्याच खोलीत, कोणीतरी पुण्याहून आणलेल्या सीडीवर, विंगमधल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर "बॅटमॅन बिगिन्स" पाहिला. मला वाटलं, हेच! मी पण बिगिन्स. नव्या वह्या आणल्या. टेबललॅम्प आणला. भिंतीवर टाईमटेबल चिकटवलं, तीन रंगांच्या पेनांनी. जुनी वही ट्रंकेत तळाशी टाकली, कारण ती पाहिली की पोटात गोळा यायचा. आणि पूर्वीसारखीच सोडवलेली गणितं पाठ करायला लागलो.

हिवाळी परीक्षेत पुन्हा नापास. या वेळी आधीपेक्षा चार मार्क कमी.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते, अकोला-अमरावती बऱ्याचदा त्यांच्याकडे असायची. मी निकाल सांगितला तेव्हा ते ड्युटीवरून येऊन जेवायला बसले होते. रागावतील अशी तयारी ठेवली होती. मीच बोलत सुटलो, की आता उन्हाळी परीक्षेला एकदम नव्याने सुरुवात करतो, क्लास बदलतो, पुस्तक बदलतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"नापास झाला थे समजलं मले. काऊन झाला थे सांग."

मला उत्तर देता येईना. "पेपर कठीण होता" म्हणालो. ते म्हणाले, "डेपोत हिशोब जुळला नाई तं मी काय नवं वेबिल मांगतो काय? जुनंच वेबिल घेऊन मांगं मांगं जातो. मूर्तिजापूरले किती तिकिटं होते, बोरगावले किती होते. कोन्त्या टप्प्यावर चुकलं थे सापडल्याबिगर घरी येत नाई मी. तू तं वेबिलच फेकून देऊन राह्यला."

त्या रात्री ट्रंकेच्या तळातून जुनी वही काढली. मन घट्ट करून पान-पान पाहिलं. चूक सापडायला तीन दिवस लागले आणि सापडली ती अगदी पहिल्या पायरीवर. मला फ्री बॉडी डायग्रामच काढता येत नव्हता. वस्तू मोकळी करून तिच्यावर कोणकोणती बलं लागतात, ते बाण मी कधी स्वतः विचार करून काढलेच नव्हते. पुस्तकातले बाण पाठ होते. गणितात शिडीऐवजी ओंडका आला की मी गारद. दोन वर्षं मी या चुकीवर नव्या वह्या चढवत होतो.

मग एका जुन्या सरांकडे गेलो. लाजत सांगितलं. त्यांनी पंधरा दिवस एकही गणित सोडवू दिलं नाही. फक्त आकृत्या. टेकवलेली शिडी, दोरीला टांगलेला दिवा, उतारावरचा ठोकळा. सूट नाही, गाडी नाही, नुसती विहिरीतली वटवाघळं! नोलानने पहिला एक तास का खर्च केला ते तेव्हा समजलं. २००७ च्या उन्हाळ्यात विषय निघाला. मार्क सांगण्यासारखे नाहीत, पण तेव्हापासून तो विषय मला येतो, आणि गेली काही वर्षं मी तो शिकवतोही.

थर्ड इयरला ज्युनिअर बॅचबरोबर बसलो तेव्हा पहिले काही महिने अवघड गेले. जुने मित्र एक वर्ष पुढे, नवे मित्र "दादा" म्हणणारे. बाबांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. पुढे पहिला पगार झाला तेव्हा मात्र सहज म्हणाले, "हिशोब जुळला म्हना."

९) थोडक्यात उजळणी

परीक्षेच्या सवयीप्रमाणे मुद्दे देतो. रिबूट मारण्याआधी कागदावर लिहून काढा :

अ) आधीचा भाग कुठे फसला? "नशीब" आणि "पेपर कठीण" ही उत्तरं धरली जाणार नाहीत.
आ) रॉममध्ये काय ठेवायचं? सगळंच वाईट नसतं. माझी पहाटे उठायची सवय चांगली होती; नव्या टाईमटेबलात मी तीही मोडली होती.
इ) लोकांना दिसतं ते बदलतोय की न दिसणारं? सूट, वही, सिम, रूम हे दिसतं.
ई) जे आधीच येतं ते पुन्हा पहिल्यापासून करण्यात वेळ तर घालवत नाही ना? कोळी एकदा चावला, पुरे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मेसच्या बाहेर गाठलं. म्हटलं, "रिबूट जरूर कर. पण सिम बदलायच्या आधी एक काम कर. तुझ्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागव." त्याने तोंड वाकडं केलं. "सर, ती पाहायची इच्छा नाही होत हो." मी म्हटलं, "मला माहीत आहे."

तीन आठवड्यांनी तो आला. हातात झेरॉक्स, घडी घालून घालून मऊ झालेली. आम्ही लॅबमधल्या एका बाकावर बसलो आणि पहिल्या पानापासून मागे मागे नाही, पुढे पुढे जात राहिलो. दुसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर एक समीकरण अर्धवट सोडून त्याने खाली रेघ मारलेली होती. मी बोट ठेवून विचारलं, "इथे काय झालं?"

तो बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होता. मग म्हणाला, "सर, खरं सांगू? इथपासून मला कधीच येत नव्हतं."

म्हटलं, "मग इथूनच सुरू करू."